मैत्रीला घर लागते

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती. दिंडोरीच्या शिवारात द्राक्षबागांच्या छाटण्या उरकत आल्या होत्या आणि दवाखान्यात गर्दी बेताची होती. माझ्या एक जुन्या रुग्ण, वय 74, मधुमेह आणि गुडघेदुखी या दोन सोबत्यांना घेऊन आल्या. तपासणी झाली, औषधाची चिठ्ठी हातात पडली, तरी त्या उठेनात.

“डॉक्टर, एक विचारू का? पुण्याला शिकणारी माझी नात दिवाळीला येतेय. संगं तिची वर्गातली मैत्रीण येतेय, इथिओपियाची. तिला खायला काय घालू? आपलं तिखट सोसंल का तिला? अन् मला तर इंग्रजी येत नाही, मी तिच्याशी बोलू कशी?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी होती. पाणी उकळून गार केलेले द्या, तिखट बेताचे ठेवा, पहिल्या दिवशी तळणाचा मारा करू नका, असे मी सांगितले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. मी हसून वेळ मारून नेली.

वाचकहो, हा प्रश्न आज अनेक घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. आपल्या तालुक्यातील मुले-मुली नाशिकला, पुण्याला, मुंबईला शिकायला जातात. तेथे त्यांच्या शेजारच्या बाकावर आफ्रिकेतील, आखाती देशांतील, इराण-अफगाणिस्तानातील विद्यार्थी बसलेले असतात. दुसरीकडे आपलीच काही मुले जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांत परकी म्हणून बसलेली असतात. या मुलांची एकमेकांशी ओळख होते. पण ओळखीची मैत्री होतेच असे नाही, आणि झालेली मैत्री टिकतेच असेही नाही. ती टिकावी यासाठी आजी-आजोबा आणि घरातील वडीलधारी मंडळी काय करू शकतात, हे आज आपल्याशी बोलायचे आहे. विषय आरोग्याचा नाही असे वाटेल. पण तो आरोग्याचाच आहे, हे मी फार उशिरा शिकलो.

माझी एक चूक

साधारण 1990 च्या सुमारास मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होतो. आमच्याच मजल्यावर केनियाहून आलेला एक विद्यार्थी होता. स्वभावाने शांत, अभ्यासात चांगला. येता-जाता आम्ही हसत असू, एकमेकांची विचारपूस करत असू. एका पावसाळ्यात तो तीन दिवस खोलीबाहेर आला नाही. आम्ही सगळे भावी डॉक्टर. पण एकाच्याही ते लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी वसतिगृहाचा झाडणारा कर्मचारी सांगत आला, तेव्हा आम्ही धावलो. विषमज्वर होता. वेळेवर उपचार मिळाले आणि तो बरा झाला.

मला आजही लागून राहिलेली गोष्ट त्या तीन दिवसांची नाही. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या वर्षांची आहे. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही आमच्या घरी आणले नाही. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन परतायचो आणि त्यातल्या दोन चकल्या त्याच्या हातावर ठेवून मैत्री निभावली असे समजायचो. आईला विचारले असते तर ती नाही म्हणाली नसती. मीच कधी विचारले नाही. आज त्याचा पत्ता माझ्यापाशी नाही. आमच्यात भांडण झाले नव्हते. पण निरोप घेण्याइतकी जवळीकही कधी झाली नव्हती.

खिडकीतून दिलेले जेवण

माझ्या या आठवणीसारखाच एक प्रसंग पुण्यात कित्येक वर्षे आधी घडला होता. डॉ. शां. ब. मुजुमदार हे तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काही देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मॉरिशसहून आलेला आहे, त्याला कावीळ झाली आहे आणि ती त्याच्यासाठी जेवण आणते आहे. मुलींना आत प्रवेश नसल्याने ते खिडकीतून द्यावे लागत होते.

परक्या देशात आजारी पडलेल्या मुलाला कोणी विचारणारे नसावे, ही गोष्ट मुजुमदारांच्या मनाला लागली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीतरी केले पाहिजे या विचारातून त्यांनी 1971 मध्ये एक संस्था सुरू केली आणि तिला आपल्या विषयातलाच शब्द दिला : सिंबायोसिस. वनस्पतिशास्त्रात याचा अर्थ सहजीवन, म्हणजे दोन भिन्न जीवांनी एकमेकांच्या आधाराने जगणे. आज ते मोठे विद्यापीठ आहे. पण त्याची सुरुवात एका आजारी मुलाच्या खिडकीपाशी झाली, हे डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाचे वाटते. माणूस परका आहे हे त्याला सर्वांत जास्त जाणवते ते तापात, एकट्याने छताकडे पाहत पडलेले असताना.

रोझेलची मावशी

याच्याही मागे जाऊ. सन 1883. अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून बोटीने निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. ती आनंदीबाई जोशी. डॉक्टर होण्यासाठी ती अमेरिकेला निघाली होती. बंदरावर तिला घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई आल्या होत्या. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र या बाईंनी एका नियतकालिकात वाचले होते, तेही दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या असताना. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. मग पत्रांची ये-जा सुरू झाली, आणि आनंदीबाई न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर यांच्या घरीच उतरल्या. त्यांना त्या मावशी म्हणत.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंनी शिक्षण पूर्ण केले आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. त्यांच्या महाविद्यालयातले 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या वेषात शेजारी बसल्या आहेत. पण थंड हवामान आणि खाण्यापिण्याची आबाळ यांनी आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. क्षयाने ग्रासून त्या मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

या बाई कोणी प्राध्यापिका नव्हत्या. त्या एक गृहिणी होत्या. ज्या काळात समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जाई, त्या काळात एका अनोळखी हिंदू मुलीला त्यांनी आधी पत्रात आणि मग घरात जागा दिली. विद्यार्थ्याला शिक्षण विद्यापीठ देते. पण परक्या गावात त्याचे पाय रुजायचे असतील तर एखादे घर लागते.

मैत्रीचे गणित

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल या संशोधकाने माणसांना मैत्री व्हायला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला. त्याचे अनुमान असे : साध्या ओळखीतून जुजबी मैत्री होण्यास एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, खरी मैत्री होण्यास सुमारे 90 तास आणि जवळची मैत्री होण्यास 200 तासांहून अधिक. आता हिशेब करून पाहा. आठवड्यातून एकदा अर्धा तास उपाहारगृहात चहा घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना 200 तास जमवायला 400 आठवडे, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे लागतील. पदवी तर तीन-चार वर्षांत संपते! उलट दिवाळीत घरी तीन दिवस राहायला आलेली मैत्रीण झोपेचे तास वगळूनही 40 तासांची भर घालून जाते.

नुसता वेळ मात्र पुरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले की भिन्न समाजांतील माणसे एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप गळत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते मिळून गाठायचे हवे, आणि ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांची संमती हवी. या चौथ्या गोष्टीपाशी जरा थांबा. महाविद्यालयात तो मान प्राचार्यांचा असतो. घरात तो आपला असतो. आजीने एकदा पाहुण्या मुलीला आपल्या शेजारी पाटावर बसवून घेतले की घरातल्या आणि गल्लीतल्या बाकीच्यांचे प्रश्न निम्मे मिटतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दिंडोरीहून किंवा पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून पुण्याला गेलेला आपला मुलगाही तेथे नवखाच असतो. इंग्रजी बोलताना अडखळतो, मोठ्या शहराला बिचकतो. परदेशी विद्यार्थी आणि तो, दोघेही त्या शहरात पाहुणेच. म्हणून मैत्री करण्यात तो कमी पडेल असे समजू नका. दुसऱ्याचे अवघडलेपण त्याला शहरातल्या मुलापेक्षा लवकर कळते. “तुझं इंग्रजी चांगलं नाही, तू कशाला त्यांच्यात जातोस?” हे वाक्य मात्र घरात कोणी उच्चारू नये.

पाहुणे विद्यार्थी घरी येतात तेव्हा

माझ्या अनुभवातून आणि रुग्णांच्या घरांत जे पाहिले त्यावरून काही गोष्टी सुचवतो.

येण्याआधी नातवंडाला तीन प्रश्न विचारा : काय वर्ज्य आहे, कशाची ॲलर्जी आहे आणि कोणते औषध चालू आहे. शेंगदाणा आपल्या प्रत्येक पदार्थात असतो. त्याची ॲलर्जी असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. मुस्लीम विद्यार्थी रमजानचे रोजे करत असेल तर जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा बदलतात. तसेच परदेशी नागरिक घरी मुक्कामाला राहणार असेल तर त्याची नोंद करण्याचे नियम आहेत. ते मुलांनी महाविद्यालयातून आधीच विचारून घ्यावेत.

आल्यावर पाहुण्याला खुर्चीत बसवून नुसता पाहुणचार करू नका. त्याला काम द्या. मेथी निवडायला, चकल्या पाडायला, रांगोळीत रंग भरायला, बागेत पाणी सोडायला सोबत घ्या. हात कामात असले की भाषेची अडचण निम्मी होते, आणि बरोबरीने काम करणारा माणूस फार वेळ परका राहत नाही.

त्याचे नाव त्याच्याकडून नीट शिकून घ्या. जीभ वळली नाही तर पुन्हा विचारा. पण सोयीसाठी दुसरे नाव ठेवू नका. रंग, केस, गरिबी, धर्म यांवर कौतुकानेही शेरा मारू नका. “तुमच्याकडे खायला मिळतं का?” हा प्रश्न आपण दयेने विचारतो, ऐकणाऱ्याला तो अपमान वाटतो. त्याऐवजी विचारा : “तुझी आजी सणाला काय करते?” या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही देशाच्या मुलाकडे उत्तर असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरे निमंत्रण. पहिले निमंत्रण सणाचे असते. दुसरे साध्या रविवारचे, पिठलं-भाकरीचे असावे. पहिल्याने पाहुणचार होतो. दुसऱ्याने माणूस घरचा होतो.

आजारपणात ओळखायच्या खुणा

नॉर्वेचे संशोधक स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये परदेशी राहून आलेल्या विद्वानांचा अभ्यास केला. पहिले काही महिने उत्साहाचे जातात, साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ अवघड जातो आणि मग घडी बसते, असे त्यांना दिसले. प्रत्येकाचे असेच होते असे नाही. पण एक शहाणपण घेण्यासारखे आहे. नवे विद्यार्थी आले की सगळे त्यांच्या स्वागताला धावतात. खरी गरज मात्र बहुधा स्वागताची फुले सुकल्यावर लागते.

आपल्या नातवंडांना हे सांगून ठेवा. मित्र दोन दिवस वर्गात दिसला नाही तर फोन करा. फोन उचलला नाही तर खोलीवर जा. पावसाळ्यात दोन दिवसांहून अधिक ताप राहिला तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. डेंग्यू, हिवताप, विषमज्वर यांची लक्षणे सुरुवातीला सारखीच भासतात. डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मागच्या आजारातील उरलेली प्रतिजैविके कोणी कोणाला देऊ नयेत. जुलाबात जलसंजीवनी लगेच सुरू करावी. काविळीत झाडपाल्याच्या मागे न लागता तपासणी आणि विश्रांती घ्यावी.

मनाचा आजारही ताप मोजल्यासारखा ओळखता येतो. झोप उडणे, जेवण तुटणे, वर्गाला दांड्या, फोनवर तुटक उत्तरे असे दोन आठवडे चालले तर ते घरच्या आठवणीपुरते राहिलेले नाही, असे समजावे. अशा वेळी केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नये. सोबत बसून तातडीने मदत मिळवावी.

आणि आपले मूल परदेशी असेल तर? त्यालाही हेच सांगा. रोज रात्री तुमच्याशी दोन तास व्हिडिओवर बोलणारे मूल पाहून आपल्याला बरे वाटते. पण ते दोन तास तेथल्या माणसांच्या वाट्याचेही असतात. “आज कोणाबरोबर जेवलास?” एवढे विचारा. पाठवायच्या लाडवांच्या डब्यात शेजारच्या खोलीतल्या मित्रांचाही वाटा धरा.

आपला लाभ

यात आपल्याला काय मिळते? 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची त्या अभ्यासांच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्के जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि तरुणांमध्येही तो मोठ्या प्रमाणावर आहे. मुले शहरात गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या आपल्या वाड्यातील आजोबा आणि पुण्यातल्या खोलीत एकटे जेवणारे परदेशी पोर, या दोघांचा आजार एकच आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

दिवाळी झाल्यावर त्या आजी पुन्हा तपासणीला आल्या. मी आधी साखर विचारली आणि मग पाहुणीविषयी विचारले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला होता. वार शुक्रवार. आजींनी प्रेमाने पुढे केलेले ताक मुलीने नम्रपणे नाकारले. आजी मनातून खट्टू झाल्या. नातीने विचारल्यावर उलगडा झाला : इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात, त्या दिवशी मांस, अंडी, दूध-दुभते वर्ज्य. “मंग आधी सांगायचं नाही का! उपास तर मला बी कळतो,” आजी म्हणाल्या आणि वरण-भात, भाजी पुढे आली. संध्याकाळी मुलीने मोबाईलवर आपल्या घरच्या इंजेराचे चित्र दाखवले. आंबवलेल्या पिठाची ती मोठी जाळीदार पोळी पाहून आजींनी ताबडतोब निकाल दिला, “ही तर आंबोळी.” तिसऱ्या दिवशी जेवताना मुलीने एक घास स्वतःच्या हाताने आजींना भरवला. तिच्या देशात याला गुरशा म्हणतात. मायेच्या माणसाला असा घास भरवायची रीत आहे.

“काही बोलायची गरज लागली नाही बघा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

संक्रांतीला ती मुलगी पुन्हा येऊन गेली. यंदा पावसाळ्यात नातीला पुण्यात डेंग्यू झाला. आई-वडील पोचेपर्यंत दीड दिवस रुग्णालयात तिच्या उशाशी हीच मैत्रीण बसून होती. मध्यरात्री आजींचा फोन वाजला. पलीकडून मोडक्यातोडक्या मराठीत चार शब्द आले : “आजी, ताप कमी. झोपा.”

आजी हे सांगताना रडल्या. मी त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजला. तो थोडा वाढलेला होता. त्यासाठी मी गोळी वाढवली नाही.

येत्या सणाला आपल्या नातवंडांना विचारा : “तुमच्या वर्गात सुट्टीत घरी न जाणारं कोणी आहे का?” असेल तर त्याला घेऊन यायला सांगा. मला हा प्रश्न त्या वयात कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही. आपण विचारा.